आजोळची उलटी वाट

अलीकडे आमच्या पांढरपेशा समाजात एक नवी चाल रूढ झाली आहे, आणि ती इतक्या निमूटपणे रूढ झाली की तिच्याविरुद्ध कोणी ब्र काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पूर्वी सुटी लागली की नातवंडे आजोळी जात. आता सुटी लागली की आजीआजोबा नातवंडांकडे जातात. फाल्गुन सरत आला, मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की सांगलीहून, मिरजेहून, कऱ्हाडहून, साताऱ्याहून साठी-सत्तरी उलटलेली जोडपी पुण्याच्या वाटेला लागतात. कोणाला जावई मोटार घेऊन न्यावयास येतो, कोणाला मुलगा भाड्याची गाडी पाठवितो, बाकीची आपली एस. टी. ची खिडकी धरून बसतात. बरोबर शाळूची पिशवी, घरची हळद, बेदाणे, भडंग किंवा कंदी पेढे, लोणच्याची बरणी आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा. पंधरा दिवस, कधी महिना, तेथे काढून ती परत येतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या या प्रवासाला जिव्हाळा म्हणतात. घरोघरची कर्ती मंडळी त्याला सोय म्हणतात. सोय आहे यात आम्हांसही संशय नाही. ती कोणाची, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे. कारण ज्या मुलाचे नाव पुढे करून हे सारे चालते, त्याचेच यात सर्वांत मोठे नुकसान होत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या चालीचे मूळ शोधावयास फार लांब जावयास नको. इंग्रजी मुलखांत मार्च-एप्रिलात शाळांना आठपंधरा दिवसांची वासंतिक सुटी असते. तिचे आमच्याकडे नावही नव्हते. आमची सुटी म्हणजे उन्हाळ्याची. एप्रिलात वार्षिक परीक्षा, मेच्या आरंभी निकाल, आणि मृगाच्या सुमारास पुन्हा शाळा. पुढे केंद्रीय मंडळाच्या शाळा शहरोशहरी निघाल्या व त्यांचे वर्ष एप्रिलच्या तोंडाशीच सुरू होऊ लागले. जुनी इयत्ता संपून नवी लागेपर्यंत मध्ये एक फट राहू लागली. ही फट मुलाला आजोळी पाठविण्यास अपुरी वाटते, आणि त्याला घरी एकटे ठेवण्यास मात्र फार मोठी. आई कचेरीत, बाप कचेरीत. मग सांगलीला फोन जातो. ‘आई, तू नि बाबा या ना, मुलांना तुमची फार आठवण येते.’ आठवण येत नसेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती नेमकी शाळा बंद असते त्याच आठवड्यात कशी उसळून येते, हे कोडे आहे. मेची खरी सुटी तरी आजोळच्या वाट्याला यावी, तर ती पोहण्याच्या वर्गाने, चित्रकलेच्या शिबिराने आणि पुढील इयत्तेच्या शिकवणीने आधीच वाटून घेतलेली असते. त्या वर्गांना मुलाला पोचवावयास आणि आणावयास पुन्हा आजोबाच लागतात.

आता ही बोलावणी ज्या दिवसांत येतात ते दिवस पाहा. चैत्र महिना हा आमच्याकडील वृद्ध स्त्रीचा स्वतःचा महिना आहे. पाडवा झाला की तृतीयेला चैत्रगौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. त्या महिन्यात एखाद्या दिवशी आरास मांडून, कैरीची डाळ आणि पन्हे करून, गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवावयाचे असते. चाळीस-पन्नास वर्षे ज्या बाईने हे केले तिला गल्लीतील प्रत्येक घराचा इतिहास ठाऊक असतो. कोणाची सून बाळंतपणाला गेली, कोणाच्या घरी या वर्षी सुतक आहे, कोणाला बोलावणे राहिले तर रुसवा येईल. वर्षभरात तिचा असा दरबार एकदाच भरतो. तो सोडून ती पुण्याच्या सहाव्या मजल्यावर, मुलीच्या किंवा सुनेच्या स्वयंपाकघरात, कोणता डबा कोठे ठेवला आहे हे शोधीत उभी राहते. आजोबांचेही तसेच. रामनवमीचे कीर्तन, नगरवाचनालयातील सकाळची वर्तमानपत्रे, कट्ट्यावरचे चार सोबती, निवृत्तिवेतनाच्या कज्ज्यात सल्ला विचारावयास येणारा एखादा जुना विद्यार्थी, हे सारे मागे टाकून ते एका वसाहतीच्या बाकावर बसतात आणि नातवाच्या बसची वाट पाहतात. तेथे त्यांना नावाने कोणी ओळखत नाही. पहारेकऱ्याच्या लेखी ते अमुक क्रमांकाच्या घराचे पाहुणे.

येथे कोणी म्हणेल की, म्हाताऱ्यांच्या या गैरसोयीचे तुम्ही उगीच भांडवल करता. नातवंडांच्या सहवासापुढे त्यांना याचे काही वाटत नाही. तेही खरे असेल. त्यांना विचारले तर ती दोघे हसून हेच उत्तर देतील, कारण दुसरे उत्तर देण्याची रीत आपल्यात नाही. म्हणून त्यांचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू आणि मुलाकडे वळू.

आजोळ हे माणसाचे नाव नव्हे, ठिकाणाचे नाव आहे. मराठी भाषेनेच हा निकाल केव्हाचा देऊन टाकला आहे. आपण ‘आजोळी’ जातो. सप्तमीचा प्रत्यय ठिकाणाला लागतो. ‘आजोळ पुण्यास आले आहे, आठ दिवस राहणार आहे’ असे वाक्य अजून कोणाच्या तोंडून निघाले नाही, व निघाले तर लहान मूलही हसेल. आजीला गाडीत घालून आणता येते. तिची पडवी, तिचा आड, तिचे शेजारी, तिच्या हुकमात वावरणारी दुपार ही आणता येत नाहीत. सुसरीचे बळ पाण्यात असते. जे मूल आजोबांना केवळ आपल्या घरी पाहते, त्याच्या मनात आजोबा म्हणजे उद्वाहकाची कळ चुकीची दाबणारा, दूरचित्रवाणीचा आवाज मोठा ठेवणारा, रात्री तीनदा उठणारा एक प्रेमळ पण काहीसा गबाळा मनुष्य. तेच मूल सांगलीस गेले असते तर बाजारपेठेतून चालताना आठ ठिकाणी आजोबांना नमस्कार होतो, किराणा दुकानदार त्यांना आतल्या गादीवर बसवितो, भाजीवाली त्यांना ‘सर’ म्हणून त्यांच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी जास्तीची टाकते, हे त्याने पाहिले असते. वडीलधाऱ्यांचा मान राखावा असे मुलाला शंभर वेळा सांगून जे साधत नाही, ते त्या एका फेरीत साधते. वृद्धांना त्यांच्या ठिकाणावरून उचलावयाचे आणि मग मुलांना त्यांच्याविषयी आदर उरला नाही म्हणून हळहळावयाचे, यात कोणता शहाणपणा आहे?

आमचा हा मुद्दा केवळ तर्काचा नाही. सातारा-सांगलीच्या मुलखाने महाराष्ट्राला जी माणसे दिली त्यांत आजोळची कमाई किती, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे जन्मले. देवराष्ट्रे हे त्यांचे आजोळ. त्या वेळी ते सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा निघाला, १९६० साली त्याचेच नाव सांगली झाले, आणि देवराष्ट्रे आज त्या जिल्ह्यात मोडते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्राचा आरंभ ते राजकारणापासून करीत नाहीत, देवराष्ट्र्यापासून करतात. आईचे बाळंतपण कठीण झाले, तेव्हा आजीने गावाजवळच्या सागरोबाला साकडे घातले व यश मागितले, आणि त्यावरून नाव यशवंत पडले, ही हकीकत त्यांनी स्वतः नोंदविली आहे. देशाचे संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती सांभाळलेला मनुष्य सत्तरीच्या उंबरठ्यावर लिहावयास बसतो तेव्हा त्याला प्रथम आठवतो तो आजीचा देव. तो देव डोंगरात आहे. त्याला पिशवीत घालून कोणी कऱ्हाडास नेला नव्हता, मुलगा त्याच्याकडे गेला होता.

दुसरे उदाहरण ग. दि. माडगूळकरांचे. गाव माडगूळ, पण जन्म, १ ऑक्टोबर १९१९ रोजी, शेटफळे येथे, म्हणजे पुन्हा आजोळी. मामाच्या गावाला नेणाऱ्या आगगाडीचे जे बालगीत मराठी घरांतून प्रत्येक मूल म्हणते ते याच कवीचे आहे. आम्हांस मौज वाटते ती अशी की, आजही पुण्याच्या शिशुवर्गांतून ते गीत मोठ्या उत्साहाने हावभावांसह म्हणवून घेतले जाते, आणि म्हणणाऱ्या मुलांपैकी कित्येकांचा मामा परदेशी, आजोळ म्हणजे दूरध्वनीच्या पडद्यावरचे दोन चेहरे, व आगगाडीचा अनुभव बागेतील खेळण्यापुरता. ज्या गोष्टीचा अनुभव मुलाला द्यावयाचा नाही तिचे गाणे तरी त्याला का शिकवावे?

या गीताच्या निमित्ताने एका आक्षेपाकडे वळणे भाग आहे, आणि तो आमच्या मते सर्वांत वजनदार आहे. त्या गीतातील मामी सुगरण आहे. का असू नये? परंतु गीत मुलाच्या तोंडी आहे. मामीला कोणी विचारले नाही. मेच्या उन्हात चार नणंदांची बारा मुले घरात, सकाळी न्याहरी, दुपारी पंगत, संध्याकाळी पुन्हा चूल, मध्ये कुरड्या, पापड, सांडगे. बायकांच्या दोन महिन्यांच्या वेठीवर जुने आजोळ उभे होते. ज्यांना आजोळच्या आठवणींनी गहिवरून येते त्यांतील बहुतेक लेखक पुरुष आहेत, हा योगायोग नव्हे. मग, असे विचारले जाते, ती आजी पुण्याला येऊन चार दिवस खुर्चीवर बसली तर तुमचे काय बिघडले?

ती खुर्चीवर बसत असती तर आम्ही हा लेख लिहिलाच नसता. पुण्यातील घरात स्वयंपाकीणबाई असते, पण नातवाला आजीच्याच हातचे थालीपीठ हवे असते. जावयाला आजीच्याच हातची आमटी आवडते. आणि आई आलीच आहे तर वर्षाचे लोणचे, मेतकूट, भाजण्या इथेच होऊन जाऊ देत, असा विचार मुलीच्या मनात सहज येतो. वेठ गेली नाही, तिचे ठिकाण बदलले. सांगलीत निदान स्वयंपाकघर तिचे होते, हाताखाली ओळखीची बाई होती, आणि कंटाळा आला तर ‘आज मी काही करणार नाही’ असे म्हणण्याचा हक्क होता. परक्या ओट्यापाशी तो हक्कही नाही. तेव्हा आजोळ पुन्हा चालू व्हावे असे आम्ही म्हणतो ते जुनी वेठ पुन्हा चालू व्हावी म्हणून नव्हे. मुले आजोळी गेली तर त्यांनी आपली ताटे घासावीत, आडाचे किंवा नळाचे पाणी भरावे, आजीला दुपारी झोपू द्यावे. नातू असला तरी पोळ्या लाटावयास शिकावे. दहा-बारा वर्षांच्या मुलाकडून एवढे काम होत नाही असे मानणारे आईबाप त्याच मुलाला पैसे भरून ‘ग्रामीण जीवनाच्या’ शिबिराला पाठवितात आणि तेथे त्याने शेण सारविले म्हणून त्याची छायाचित्रे नातेवाइकांना दाखवितात, हे आम्ही पाहिले आहे.

आता या प्रवासाविषयीच चार शब्द. म्हाताऱ्यांनी प्रवास करू नये, घरी पडून राहावे, असे आमचे म्हणणे आहे असा कोणी ग्रह करून घेऊ नये. अमेरिकेत वसंताच्या सुटीत आजीआजोबा स्वतः मोटार हाकीत शेकडो मैल नातवंडांकडे जातात असे आपण ऐकतो, आणि आमच्याकडील कित्येकांना त्याचे मोठे अप्रूप वाटते. परंतु तेथे तो त्यांच्या स्वातंत्र्याचा भाग असतो. गाडी त्यांची, वेळ त्यांची, वाटेत मन मानेल तेथे थांबावे, मुलाच्या घरी जागा नसली तर खाणावळीत उतरावे, आणि चार दिवसांनी आपल्या इच्छेने परतावे. आम्ही त्यांतील प्रवास उचलला, स्वातंत्र्य तेथेच ठेवले. आमच्या आजोबांना न्यावयास गाडी येते ती पहाटे सहाला, कारण जावयाला अकराला कचेरीत बसावयाचे असते. वाटेत थांबावयाचे ते गाडीला तेल हवे म्हणून. तासवडे, आणेवाडी, खेड-शिवापूर असे तीन टोलनाके आले की प्रत्येक वेळी गाडी थांबते, पण माणसांसाठी नव्हे. वाटेत स्वच्छतागृह कसे मिळेल याची धास्ती घेऊन सत्तरीची बाई निघण्यापूर्वी चहाही घेत नाही व पुण्यापर्यंत घोटभर पाणी पीत नाही; गाडीतील पुरुषांना याचा पत्ताही नसतो. कऱ्हाडला माहेर असलेली अशी एक बाई गेली सहा वर्षे वर्षातून दोनदा कऱ्हाडवरून जाते. प्रीतिसंगमाचा घाट तिने त्या सहा वर्षांत एकदाही पाहिला नाही. गाडी उड्डाणपुलावरून निघून जाते.

आमच्या जुन्या रीतीत वडील मनुष्याने प्रवास करावा यासाठी एक मानाची जागा होती, आणि तिला एक सुंदर शब्दही आहे: मुराळी. सासरी असलेल्या लेकीला माहेरी आणावयास जो जातो तो मुराळी. भाऊ जाई, बाप जाई, म्हातारा आजाही जाई. मुराळ्याला सासरच्या घरी एक रात्र मुक्काम, पाहुणचार, आणि दुसऱ्या दिवशी लेकीला व तिच्या पोरांना घेऊन परत. तो तेथे राबावयास जात नसे. न्यावयास जात असे, व त्याच्या येण्याने घरात पोरांना जो आनंद होई तो आता निघावयाचे या कल्पनेचा असे. आमचे म्हणणे इतकेच की, सांगली-साताऱ्याच्या आजोबांनी पुण्यास जरूर जावे, पण मुराळी होऊन जावे. एक रात्र राहावे आणि सकाळी नातवंडांना घेऊन निघावे. जावयाने मोटार देऊ केली तरी शक्यतो एस. टी. ने किंवा मिरजेच्या आगगाडीने निघावे, म्हणजे मुलाला खिडकी मिळेल आणि आजोबांना तोंड उघडावयास अवसर मिळेल.

कारण ही वाट बोलण्याजोगी आहे. शिरवळपाशी नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. खंबाटकीचा घाट लागला की मुलाला सांगावे, या डोंगराच्या अलीकडे पडलेला पाऊस नीरेला मिळतो, नीरेतून भीमेला. पलीकडे पडलेला सरळ कृष्णेला. आणि ही दोन पाणी पुढे थेट रायचूरच्या बाजूला एकमेकांस भेटतात. भुईंजला कृष्णा प्रथम दिसते, तेव्हा ती महाबळेश्वराहून वाई करून नुकतीच उतरलेली, अंगाने बारीक असते. पुढे वेण्णा, उरमोडी, तारळी आणि कऱ्हाडास कोयना तिला मिळतात. पेठ नाक्यावर महामार्ग सोडून आष्ट्यावरून सांगलीत शिरताना १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी तीच नदी पुन्हा आडवी येते, पण आता तिचे पात्र असे की मूल आपण होऊन विचारील, ही तीच का? मग त्याला पुलाजवळची पाण्याची मोजपट्टी दाखवावी. पंचेचाळीस फूट ही धोक्याची रेषा. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते. कोयनेच्या धरणातून विसर्ग वाढला की सांगलीकर या पट्टीकडे का डोळे लावून बसतात, आजीने त्या वेळी कोणते सामान माळ्यावर चढविले, कोणते गेले, हे ऐकल्यावर त्या मुलाचा जो भूगोल होईल तो कोणत्या शाळेत होणार? हरिपूरला नेऊन हळद साठविण्याची जमिनीच्या पोटातील पेवे दाखवावी. तासगावकडे नेऊन शेडच्या जाळ्यांवर वाळत घातलेली द्राक्षे दाखवावी; मार्च-एप्रिल हाच बेदाण्याचा हंगाम. पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर धावली. त्यापूर्वी आजोबांचे आजोबा सांगलीहून पुण्यास कसे जात, ही एकच गोष्ट कऱ्हाडपर्यंत पुरेल. आणि जावयाच्या गाडीत, जेथे पुढच्या आसनावर कामाची संभाषणे चालू असतात व मागे मुलाच्या हातात पडदा असतो, तेथे यांतील एक अक्षरही बोलले जात नाही.

आम्हांस ठाऊक आहे की काही घरी आता आजोळ उरलेले नाही. वाडा विकसकाच्या हाती गेला, त्या जागी चार मजले उभे राहिले, आणि विश्रामबागेतील दोन खोल्यांत आजीआजोबा राहतात. मुलाने तेथे जाऊन पाहावे काय? हा प्रश्न आम्हांस तितका अवघड वाटत नाही. दोन खोल्या असल्या तरी त्या आजीच्या आहेत. मूल तेथे पाहुणे असेल व आजी यजमान. जी उलथापालथ आम्हांस खुपते ती एवढ्यानेही पालथी पडते. ज्या घरी आजोबांना अर्धांगवायू झाला आहे किंवा आजीला दिसत नाही, तेथे मुलांनी आईबापांसह जावे, चार दिवस जावे, पण जावे. ‘सांगलीत उन्हाळा फार’ असे सांगणाऱ्यांना आमचे एवढेच उत्तर आहे की, पुण्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्याला कोणी स्थळाचा मान देत नाही.

या बाबतीत आमच्या सुशिक्षित वर्गाने ज्यांच्याकडून धडा घ्यावा असे लोक आमच्याच जिल्ह्यात आहेत, हे सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाही. जावळी, पाटण, खटाव, माण या तालुक्यांतील हजारो माणसे मुंबईच्या बाजारांत व गोद्यांत पाठीवर ओझी वाहण्यासाठी गेली. त्यांच्यासाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. या कुटुंबांची मुले मुंबईत जन्मली, मुंबईत शिकली. तरीही चैत्रात गावची यात्रा आली की ती गावी जातात. एका खोलीत राहणारा, हातावर पोट असलेला मनुष्य रोजगार बुडवून मुलांना घेऊन यात्रेला जातो. देवाची पालखी निघते तेव्हा कोणत्या घराचा मान कोणता हे त्या मुलांना ठाऊक असते, आणि म्हातारी गावातच, आपल्या उंबऱ्यावर, त्यांची वाट पाहात असते. तिला कोणी मुंबईस मुले सांभाळावयास बोलाविले नाही असे आम्ही म्हणत नाही. गरज कोणाला चुकली आहे? पण यात्रेच्या आठवड्यात तिला गावाबाहेर काढण्याची प्राज्ञा कोणाची नाही. ज्यांच्याकडे रजा आहेत, मोटारी आहेत, मोठी घरे आहेत, त्यांना मात्र पंधरा दिवसांची फट आजोळी जावयास अपुरी पडते.

राहता राहिला खर्चाचा मुद्दा, कारण तोही पुढे केला जातो. मार्च २०२० मध्ये रेल्वेने वृद्धांची भाड्यातील सवलत काढून घेतली, हे खरे, आणि ते निषेधार्हच आहे. पण एस. टी. ने २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर फुकट प्रवास दिला, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ते पूर्वीपासूनच अर्धे आहे. म्हणजे शहात्तर वर्षांचे आजोबा मुराळी होऊन पुण्यास गेले आणि लेकीला व दोन नातवंडांना घेऊन सांगलीस परतले, तर चार माणसांचे मिळून दीड तिकीट पडते. साऱ्या घरात पूर्ण तिकिटाचा धनी असा एकटा बाप उरतो. त्याला रजा नसेल तर त्याने निदान बोजे घेऊन स्वारगेटपर्यंत पोचवावयास यावे.